महसूलमंत्र्याने सोडलेली सत्ता : वसंतराव नाईक आणि जिल्हा परिषद

प्रतिनिधी, वसई

दरवर्षी १ जुलै हा दिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. जिल्हा परिषदांच्या सभागृहांत माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, प्रगतिशील शेतकऱ्यांचा सत्कार होतो आणि महाराष्ट्रातील हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून नाईकसाहेबांचा गौरव होतो. या गौरवात वावगे काही नाही. मात्र ज्या सभागृहात हा समारंभ पार पडतो ते सभागृह, त्यातील अध्यक्षांची खुर्ची, समोर बसलेले सभापती आणि सदस्य, बाजूला फाइल घेऊन बसलेले मुख्य कार्यकारी अधिकारी ही सारी व्यवस्था याच गृहस्थाच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून उभी राहिली, हे मात्र त्या दिवशी क्वचितच सांगितले जाते. मुख्यमंत्रिपदाच्या अकरा वर्षांनी त्यांच्या आयुष्यातील १९६० आणि १९६१ ही दोन वर्षे झाकून टाकली आहेत. महाराष्ट्रातील खेड्यांचा कारभार कोणी आणि कसा करावा याचा निर्णय प्रत्यक्षात त्या दोन वर्षांत झाला.

वसई तालुक्यातील सांडोर, गास, निर्मळ, भुईगाव या पश्चिम पट्ट्यातील गावांना हा विषय परका नाही. केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्यांवर जगलेला हा पट्टा. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा या भागातील अनेक गावांनी महापालिकेत जाण्यास कडाडून विरोध केला. मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या प्रश्नावर उभे राहिलेले विवेक पंडित वसईतून निवडून आले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. करवाढीची आणि बिल्डरांची भीती त्या विरोधात होतीच. त्याखेरीज आणखी एक भावना होती. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ही आपल्या ओळखीची, हाताशी असलेली सत्ता आहे आणि ती आपल्याला न विचारता काढून घेतली जात आहे, असे गावकऱ्यांना वाटत होते. ही हाताशी असलेली सत्ता आली कोठून, याचे उत्तर शोधताना यवतमाळ जिल्ह्यातील एका तांड्यापर्यंत जावे लागते.

पुसद तालुक्यातील गहुली हा तो तांडा. १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म येथे झाला. बंजारा समाज एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत असे. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि तो व्यापार बुडाला. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे नाईक होते. त्यांनी आपल्या माणसांना गहुलीत स्थिर केले आणि शेतीला लावले. तांड्याचा नाईक म्हणजे भांडणतंटे मिटविणारा, बाहेरच्या जगाशी बोलणी करणारा, संकटात पुढे होणारा माणूस. त्याच्या जोडीला कारभारी असे आणि महत्त्वाचा निर्णय पंचांसमोर होई. पुढे घराण्याचे आडनावच नाईक पडले. वडील फुलसिंग आणि आई होनूबाई यांच्या या मुलाच्या अंगी आलेली मृदू बोलण्याची आणि सर्वांना ऐकून घेण्याची सवय तांड्याच्या पंचायतीतून आली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

गहुलीत शाळा नव्हती. आसपासच्या गावांत पायी जाऊन प्राथमिक शिक्षण झाले. त्यानंतर अमरावती आणि मग नागपूर. मॉरिस कॉलेजातून बी.ए. आणि १९४० मध्ये कायद्याची पदवी, असा हा प्रवास आहे. बंजारा समाजात त्या काळी वकील होणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. काही काळ त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या सहवासात उमेदवारी केली आणि १९४१ च्या सुमारास पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. कूळकायदे, सावकारी, महसुलाची थकबाकी, गायरानांचे तंटे अशी कामे घेऊन शेतकरी येत. नागपूरच्या घाटे या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांनी १९४१ मध्ये विवाह केला. दोन्ही बाजूंनी रोष झाला, पण तो त्यांनी शांतपणे सोसला. वत्सलाबाईंनी बंजारा बोली आत्मसात केली आणि तांड्याने पुढे त्यांना आपले मानले.

१९४६ मध्ये वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले. लहानशा गावाची नगरपालिका चालविणे म्हणजे पाणी, दिवाबत्ती, गटारे आणि पैशाची कायमची ओढाताण. या पायरीवरून पुढे गेलेल्या राजकारण्याला मंत्रालयातील फाइल आणि गावातील नळ यांतले अंतर कळते. १९५२ मध्ये ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले आणि रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झाले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे प्रथम सहकार आणि नंतर कृषी खाते आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि वसंतराव महसूलमंत्री झाले.

नव्या राज्यापुढे एक विचित्र अडचण होती. खेड्यांच्या कारभाराच्या तीन वेगवेगळ्या परंपरा एकाच छपराखाली आल्या होत्या. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात इंग्रजांच्या काळापासून जिल्हा लोकल बोर्ड होते. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला आणि त्यातून ही बोर्डे आली होती. प्राथमिक शाळांसाठी त्यांच्या जोडीला निराळे स्कूल बोर्ड होते. वसई ज्या ठाणे जिल्ह्यात होती तेथेही हीच पद्धत होती. गावचा रस्ता आणि धर्मशाळा लोकल बोर्डाची, शाळा स्कूल बोर्डाची आणि बाकी सारे मामलेदार कचेरीचे. विदर्भात १९४८ पासून तहसील पातळीवर जनपद सभा होत्या. मराठवाड्यात निजामी राज्याच्या वारशातून आलेली जिल्हा मंडळे होती. या तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. पैसे थोडे, कर्मचारी थोडे आणि खरी सत्ता कलेक्टरच्या हाती.

त्याच सुमारास देशभर पंचायत राज्याचे वारे वाहत होते. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची तीन पायऱ्यांची योजना मांडली होती आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंनी तिचा आरंभ केला होता. मेहता समितीच्या योजनेत गटपातळीवरील पंचायत समितीला मुख्य स्थान होते. जिल्हा पातळीवरील परिषद ही देखरेख आणि सल्ला देणारी संस्था, तिचे अध्यक्ष कलेक्टर आणि सदस्यांत आमदार-खासदार, असा तो आराखडा होता. बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. महाराष्ट्र शासनाने मात्र जून १९६० मध्ये स्वतःची समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे दिले.

कलेक्टर ज्याच्या खात्याचे, त्या मंत्र्याकडेच कलेक्टरची सत्ता किती कमी करावी हे ठरविण्याचे काम आले होते. आपल्याच खात्याचा पसारा राखून काही वरवरचे बदल सुचविणे त्याला सहज शक्य होते. अशा समित्या आपल्याकडे थोड्या झालेल्या नाहीत. वसंतरावांच्या समितीने मात्र मार्च १९६१ मध्ये जो अहवाल दिला त्याने मेहता योजनेची उतरंडच बदलून टाकली.

पहिला निर्णय जिल्ह्याविषयी होता. गट हा नियोजनासाठी फार लहान आहे, तज्ज्ञ अधिकारी, यंत्रसामग्री आणि पैसा जिल्हा पातळीवरच परवडतो, म्हणून मुख्य सत्ता जिल्हा परिषदेकडे असावी, असे समितीने ठरविले. पंचायत समिती ही तिची हातपाय असणारी संस्था आणि ग्रामपंचायत हा पाया. दुसरा निर्णय कलेक्टरविषयी. तो परिषदेचा अध्यक्षही नको आणि सदस्यही नको. तो आत बसला तर त्याच्या वजनाखाली निवडून आलेली माणसे दबून जातील, हा समितीचा विचार होता. त्याच्याऐवजी कलेक्टरच्याच तोडीचा मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेला द्यावा, त्याने परिषदेचे निर्णय अमलात आणावेत आणि तो परिषदेला बांधील असावा, अशी रचना झाली. तिसरा निर्णय सर्वांत अवघड होता. आमदार आणि खासदार यांना परिषदेत जागा नको. कायदे करणे हे त्यांचे काम. ते जिल्ह्यात येऊन बसले तर गावातून नवे नेतृत्व उगवणार नाही.

या तिसऱ्या शिफारशीला विधिमंडळाने मान्यता दिली, याचे आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. आमदारांनीच आमदारांना बाहेर ठेवले. त्यामागे यशवंतराव चव्हाणांचा पाठिंबा होता हे खरे. नवे राज्य नुकतेच मिळाले होते आणि काही चांगले करून दाखवावे अशी हवा होती, हेही खरे. महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ मंजूर झाला आणि १ मे १९६२ रोजी, राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बृहन्मुंबई हा एकच जिल्हा वगळला होता.

या कायद्याने गावाच्या जीवनात काय बदलले ते नीट पाहिले पाहिजे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गुरांचे दवाखाने, गावांना जोडणारे रस्ते, लहान पाटबंधारे, शेतीचा विस्तार, समाजकल्याणाची वसतिगृहे हे सारे जिल्हा परिषदेकडे गेले. त्याबरोबर हजारो शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका आणि लिपिकही गेले. जमीनमहसुलाचा मोठा वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले आणि महसुलावरील उपकर, ज्याला गावोगाव आजही सेस म्हणतात, तो परिषदेच्या हक्काचा झाला. त्यापूर्वी मास्तरची बदली कोण करतो, दवाखान्यात औषध का नाही, मोरी का वाहून गेली, असे प्रश्न विचारायचे तर ज्यांना मत देता येत नाही अशा माणसांकडे जावे लागे. आता विचारण्यासाठी निवडून दिलेला सदस्य होता आणि पाच वर्षांनी त्याला पुन्हा गावात यायचे होते.

कारभाराची घडी समित्यांवर बसविली गेली. थेट निवडून आलेले सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती मिळून परिषद होते आणि सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात, अशी मूळ पद्धत होती. रोजच्या निर्णयांसाठी स्थायी समिती आणि त्याशिवाय शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, अर्थ, समाजकल्याण अशा विषय समित्या. एखाद्या गावाला शाळेची खोली हवी असेल तर मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावापासून निघे, पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह पोहोचे, पुढे शिक्षण आणि बांधकाम समितीत चर्चिली जाई आणि पैशाचा आकडा बसला की सर्वसाधारण सभेपुढे येई. ही वाट लांब होती. पण तिच्या प्रत्येक वळणावर निवडून आलेला एक माणूस उभा होता. सभेत शेतकरी सदस्य अभियंत्याला उभे करून खडीचा हिशेब विचारू शकत असे. हे दृश्य लोकल बोर्डाच्या काळात कल्पनेतही नव्हते.

यातून माणसे घडली, ही गोष्ट या योजनेचे टीकाकारही मान्य करतात. लातूरच्या बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख उस्मानाबाद जिल्हा परिषदेवर गेले आणि पुढे मुख्यमंत्री झाले. सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य आर. आर. पाटील उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. कोणत्याही वाड्याचा किंवा गिरणीचा आधार नसलेल्या कार्यकर्त्याला सभेत बोलायला, अंदाजपत्रक वाचायला आणि अधिकाऱ्याशी न घाबरता व्यवहार करायला शिकविणारी ही शाळा ठरली. अर्थात शाळेत कोण जाऊ शकतो, हा प्रश्न राहिलाच. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद यांची सूत्रे अनेक जिल्ह्यांत त्याच त्या घराण्यांकडे गेली. जमीनदार मराठा-कुणबी वर्गाने या नव्या सत्तेचा मोठा हिस्सा घेतला आणि भूमिहीन, आदिवासी, स्त्रिया यांना दार उघडण्यासाठी १९९० च्या दशकातील आरक्षणाची वाट पाहावी लागली. खुद्द नाईक घराण्यात पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच, मग पुसद पंचायत समितीचे सभापती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि अखेर १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. हा प्रवास विकेंद्रीकरणाचे यश मानायचा की घराण्याचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही थोडे थोडे खरे आहे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, कन्नमवारांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. चव्हाणांची परतीची वाट मोकळी ठेवणारा, विदर्भाचे समाधान करणारा आणि कोणत्याही मोठ्या गटाचा शत्रू नसलेला नेता म्हणून त्यांची निवड झाल्याचे मानले जाते. तोंडात पाइप, अंगात नीटनेटका पोशाख आणि आवाज कधी न चढणारा हा माणूस २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिला. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ हे पद भूषविलेला दुसरा नेता महाराष्ट्राने अद्याप पाहिलेला नाही.

त्या अकरा वर्षांची सारी हकीकत येथे सांगण्याचे कारण नाही. १९६५ च्या अन्नटंचाईत दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फासावर चढवावे, असे ते पुण्यात जाहीर सभेत म्हणाले होते आणि ती घोषणा फार गाजली. संकरित ज्वारीचे बियाणे, खत आणि विहिरींची कर्जे यांचा आग्रह त्यांनी धरला. तो शब्द तंतोतंत खरा झाला असे म्हणता येत नाही. पण बियाण्याची पिशवी बांधापर्यंत नेण्याचे काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाने आणि ग्रामसेवकांनी केले, हे विसरता येणार नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात झाली. मुंबईतील आघाडीवर मात्र त्यांच्यावर टीका झाली. शिवसेनेच्या उदयाकडे त्यांनी केलेल्या डोळेझाकीमुळे विरोधक वसंतसेना असा टोमणा मारीत आणि बॅकबे भराव योजनेतील भूखंडांचे प्रकरणही त्यांच्या कारकिर्दीला चिकटले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. महसूलमंत्री म्हणून जी सत्ता वसंतरावांनी जिल्हा परिषदेला दिली, तिचा काही भाग मुख्यमंत्री म्हणून त्यांच्याच काळात परत फिरला.

१९७२ चा दुष्काळ हे त्याचे ठळक उदाहरण. सलग दोन-तीन वर्षे पाऊस फसला होता. दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाखांवर गेली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे ही कामे गावोगाव निघाली आणि मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगावात १९६५ मध्ये प्रयोगादाखल सुरू झालेली रोजगार हमी योजना याच वर्षांत राज्यभर नेण्यात आली आणि पुढे तिचा कायदा झाला. हे काम मोठेच आहे. परंतु या योजनेची जिल्ह्यातील सूत्रे जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे न जाता जिल्हाधिकाऱ्याकडे गेली. संकटात हुकूम चालवायला एक हात हवा, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. फक्त तो १९६१ च्या अहवालातील युक्तिवादाच्या नेमका उलट आहे.

पाठोपाठ जिल्हा नियोजनाचेही तसेच झाले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी जिल्हा नियोजनाची निराळी मंडळे आली. त्यांच्या शिरोभागी मंत्री आणि कामकाजाच्या केंद्रस्थानी जिल्हाधिकारी कार्यालय होते. जिल्ह्याच्या विकासाची योजना जिल्हा परिषद आखील, ही मूळ कल्पना मागे पडली. आमदारांना ज्या दाराने बाहेर ठेवले होते त्याच्या शेजारचे दार त्यांच्यासाठी उघडले. १९७० मध्ये वसंतरावांच्या सरकारने ल. ना. बोंगीरवार यांच्या अध्यक्षतेखाली या साऱ्या व्यवस्थेचा आढावा घेणारी समिती नेमली होती. एखादी व्यवस्था जन्माला घालणाऱ्या माणसानेच दहा वर्षांनी तिचे मूल्यमापन करविणे ही चांगली गोष्ट होती. पण अहवालापेक्षा मुंबईतील खात्यांची ओढ जास्त बलवान ठरली. दिलेली सत्ता परत मिळविण्यासाठी खात्याला कायदा बदलावा लागत नाही. नवी योजना आखायची आणि तिची यंत्रणा निराळी ठेवायची, एवढे पुरते.

वसंतरावांनी हे जाणूनबुजून होऊ दिले का, याचे उत्तर कागदोपत्री सापडत नाही. त्यांचा स्वभाव संघर्षाचा नव्हता. मंत्रिमंडळातील बलदंड सहकाऱ्यांना सांभाळून, दिल्लीला न दुखवता राज्य चालविणे ही त्यांची हातोटी होती. अकरा वर्षे टिकण्याची किंमत अशाच लहान लहान तडजोडींतून दिली जाते, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. तरीही शाळा, आरोग्य केंद्रे आणि गावरस्ते जिल्हा परिषदेकडेच राहिले आणि इतर राज्यांतील कित्येक परिषदा नावापुरत्या उरल्या असताना महाराष्ट्रातील परिषदा चालत राहिल्या. देशभरातील अभ्यासक महाराष्ट्र आणि गुजरात यांची नावे एकत्र घेत, ती याच कारणाने.

वसईच्या संदर्भात या कारकिर्दीचा आणखी एक धागा आहे. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये वसंतरावांच्या सरकारने सिडको ही शासकीय कंपनी स्थापन केली. वीस वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच सिडकोची वसई-विरार उपप्रदेशासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. कोणत्या वाडीवर इमारत उभी राहील आणि कोणती वाडी हिरवी राहील, हे ठरविण्याचा अधिकार अशा संस्थेकडे गेला जिच्यावर गावाने कोणालाही निवडून दिलेले नव्हते. हरित वसईच्या आंदोलनाची धग ज्यांनी अनुभवली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. सांडोरच्या आसपासच्या शेतकऱ्याला ग्रामपंचायतीत सरपंच भेटत होता, ठाण्याला जिल्हा परिषदेचा सदस्य भेटत होता, पण आपल्या विहिरीच्या पाण्याचे आणि वाडीलगतच्या भरावाचे काय, हे विचारायला योग्य जागा त्या दोन्ही नव्हत्या. एकाच मुख्यमंत्र्याच्या हातून निघालेल्या दोन संस्था, एक मतांवर चालणारी आणि एक आदेशावर चालणारी, या पट्ट्यात समोरासमोर आल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि या तालुक्याची जिल्हा परिषदही ठाण्याहून पालघरला गेली. तोवर तालुक्यातील मोठी वस्ती महापालिकेत गेलेली होती.

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतरावांना पायउतार व्हावे लागले आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसची देशभर वाताहत होत असताना वसंतराव वाशीममधून लोकसभेवर निवडून गेले. तेथे त्यांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. गहुलीची शेती, पुसद परिसरातील शिक्षणसंस्था आणि जुने स्नेही यांत ते रमले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच १९७९ मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. यापूर्वीच्या निवडणुका १९७२ च्या होत्या. पाच वर्षांची मुदत सात वर्षांवर गेली होती. नंतरच्या निवडणुकांसाठी १९९२ साल उजाडावे लागले. त्या दरम्यान आलेल्या कोणत्याच सरकारला त्या घेण्याची घाई नव्हती. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत घटनेतच लिहिली आणि १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. तरीही मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. प्रशासक म्हणून काम पाहिले ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी, म्हणजे परिषदेचे निर्णय अमलात आणण्यासाठी नाईक समितीने १९६१ मध्ये जे पद निर्माण केले होते, त्याच पदावरील अधिकाऱ्यांनी.